कठड्यासकट

फोटोवालीला राग यायचा तो आधी कानांत. चेहरा शांत, आवाज शांत, हातातलं काम चालू. पण कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या की धक्क्यावरच्या जाणत्या माणसांना आपापली कामं आठवायची आणि ती पांगायची. वडील तिला लहानपणी लाडानं ठिणगी म्हणत. बंदरानं पुढे बढती देऊन भडकाबाई केलं, अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर सगळे ताईच म्हणत, कारण पासपोर्टपासून लग्नापर्यंत अख्ख्या गावाचे चेहरे तिच्याच स्टुडिओत निघायचे आणि तिची खप्पामर्जी झाली तर आपण फोटोत कसे दिसू, याची प्रत्येकाला धास्ती होती.

लोक म्हणत, बाई जात्याच तापट. जात्याच वगैरे काही नसतं. आयुष्यभर हसरे चेहरे काढत बसायचं आणि त्यातले निम्मे खोटे आहेत हे रोज बघायचं, तर कुणाचेही कान लाल होतील. म्हणून तिला पासपोर्टचे फोटो आवडत. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. तरी गिऱ्हाईक स्टुलावर बसलं रे बसलं की दात दाखवायचं, आणि ती खेकसायची, "हसू नका! तुम्ही कोण आहात तेवढंच दाखवायचंय, तुम्ही खूश आहात की नाही ते कुणी विचारलेलं नाही."

स्टुडिओ धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होता. एका बाजूला दोरखंडांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चाव्या करणारा. पुढे काचेचा शोकेस, आत राखाडी पडदा, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं स्टूल, आणि आरशाशेजारी सुतळीनं बांधलेला कंगवा. कंगवा बांधलेला, कारण आधीचे सगळे कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून गेले होते. आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि मोठा प्रिंटर. आणि भिंतीवर, कॉम्प्युटरच्या बरोबर वर, एक जुना काळापांढरा फोटो: पाण्यातून वर आलेली देवमाशाची शेपूट. डाव्या बाजूला तिचा घासभर तुकडा फाटून गेलेला.

थंडीच्या दिवसांत त्या किनाऱ्यावर देवमासे यायचे. हंपबॅक जातीचे, बुडी मारताना पाठ अशी वाकवतात की कुबड आल्यासारखं दिसतं. मासा म्हणायचं ते आपलं म्हणायला, कारण तो हवेत श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. दूरच्या गार समुद्रातून माद्या इथल्या उबदार, उथळ पाण्यात पिल्लं घालायला येत आणि पिल्लू अंगानं भरेपर्यंत स्वतः अन्नाला शिवत नसत. हे सगळं तिला वडिलांनी सांगितलेलं. त्यांची बोट मूळची मासेमारीची. जाळी परवडेनाशी झाली तेव्हा त्यांनी माणसांना देवमासे दाखवायला सुरुवात केली. पोरगी कॅमेरा घेऊन केबिनच्या छपरावर बसायची.

वडिलांची रीत ठरलेली. समोरून जायचं नाही. दोघांच्या मधे जायचं नाही. मागे राहायचं, बाजूनं, हळू. आणि फवारा दिसला की लांबवरच इंजिन न्यूट्रलला टाकून गप्प बसायचं. "जवळ यायचं की नाही ते त्यानं ठरवायचं. आपण त्याच्या दारात उभे आहोत." कंटाळलेलं कुणी पुटपुटलं तर ते त्याला बिस्किटं द्यायचे आणि म्हणायचे, "खा, तोवर तोंडाला काम." शेपटीचा फोटो तसाही मागूनच निघतो. मासा खोल बुडी मारतो तेव्हा शेपूट सरळ वर येते आणि तिच्या खालच्या बाजूचे काळेपांढरे पट्टे मागच्याला दिसतात. प्रत्येकाचे वेगळे. त्यावरूनच कोण कोण ते ओळखायचं. भिंतीवरच्या त्या मादीला बापलेकींनी फाटकी नाव ठेवलं होतं. काही वर्षं ती यायची, काही वर्षं यायची नाही. आली की वडील घरी येऊन चप्पल काढायच्या आधी सांगायचे, "फाटकी आली."

आता कठड्याचं सांगायला हवं, कारण सगळं पुढे त्याच्यावरच आलं. बोटीच्या पुढच्या टोकाला वडिलांनी स्वतः लोखंडी नळ्या वाकवून कठडा केला होता. एका वादळात बोट धक्क्यावर आपटली आणि तो नेमका टोकाशी चेपला. वडिलांनी ठोकून सरळ केला, तरी कोपर दुमडल्यासारखा एक बाक राहिलाच. तिथं कुणाच्या हाताला खरचटू नये म्हणून त्यांनी हिरवा दोर घट्ट गुंडाळला. हंगामाच्या आधी त्या कठड्याला पिवळा रंग द्यायचं काम आईचं. आई ब्रश घेऊन बसायची आणि कुणालाही हात लावू द्यायची नाही. तुम्ही ओघळ पाडता म्हणायची.

वडील गेले आणि बोट धाकट्या भावाकडे आली. धाकटा वाईट नव्हता. हे तिला कबूल होतं आणि म्हणूनच जास्त चीड यायची. वाईट असता तर कधीच हात झटकून मोकळी झाली असती. गोड बोलायचा, आईचं औषधपाणी बघायचा. पण त्यानं पांढरी टोपी आणि काळा चष्मा आणला, लोक त्याला कप्तान म्हणायला लागले, आणि धक्क्यावर पाटी लागली: देवमासा, अगदी हाताच्या अंतरावर. शेजारच्या लाल बोटवाल्याची पाटीही साधारण तशीच. मग दोघांची शर्यत लागली.

"ताई, लांबून ठिपका दाखवला तर कोण येणार आपल्याकडे? जग कुठं चाललंय बघ जरा."

"जग खड्ड्यात चाललंय. तू टोपी सांभाळ."

बोलायची खरी, पण जायची. बोट घरची, भाऊ घरचा, फोटो विकले जायचे ते स्टुडिओतूनच. दर हंगामाला बोट जरा आणखी जवळ सरकायची. मोठी लेन्स, वडिलांनी बोटीचं जुनं इंजिन विकून घेऊन दिलेली, ती बॅगेत राहायला लागली. इतक्या जवळून तिचा उपयोगच नव्हता. छोट्या लेन्सनं भागायचं. आणि छोट्या लेन्सनं काढलं की फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा कठडा यायचा.

"तेवढा काप," धाकटा म्हणायचा. "लोकांना जंगली मासा हवाय. आपली बोट कशाला?"

धक्क्यावरच्या सगळ्याच फोटोवाल्यांची ती रीत होती. कठडा कापायचा, क्षितिज सरळ करायचं, पाणी थोडं निळं करायचं. बघणाऱ्याला वाटायचं, अथांग समुद्रात हा एकटाच आणि फोटो काढणारा जणू वाऱ्यावर तरंगतोय. कापलेला फोटो ठेवायचा, मूळचा पुसून टाकायचा; जागा कशाला अडवायची? तीही तेच करायची. एका वर्षी लाल बोट एका देवमाशाच्या अंगावरच गेली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती तडक बंदर निरीक्षकाकडे तक्रार घेऊन पोचली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं, पण पुरावा हवा. कोणती बोट, किती जवळ, हे फोटोत दिसलं पाहिजे." ती घरी येऊन रात्रंदिवस जुने फोटो चाळत बसली. इतके फोटो, इतक्या वर्षांचे, आणि एकातही बोट नाही. सगळे मासे एकटे. सगळं तिनंच स्वतःच्या हातानं साफ करून ठेवलेलं. तेव्हापासून तिचा राग फक्त दुसऱ्यांवर राहिला नाही.

मग ती सकाळ आली. समुद्र तुकतुकीत, वारा नाही. बोटीवर गर्दी: एक टोपीवाले काका, दोन मैत्रिणी, लेकुरवाळं एक कुटुंब. बाहेर गेल्यावर फवारा दिसला, आणि त्याच्या बाजूला दुसरा, इवलासा. मोठी पाठ वाकली, शेपूट वर आली. डावीकडचा तुकडा फाटलेला.

"फाटकी!" ती एवढ्यानं ओरडली की काकांच्या हातातला फोन पडता पडता राहिला. "धाकट्या, फाटकी आहे! आणि पिल्लू आहे तिच्याबरोबर!"

वडील असते तर. तिला दुसरं काही सुचेना. इतक्या वर्षांत फाटकीला पिल्लाबरोबर तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती बॅगेतून मोठी लेन्स काढायला वाकली, तर केबिनमधून भाऊ म्हणाला, "ती कशाला? जवळच जातोय की आपण."

"थांब इथंच. इंजिन काढ गिअरमधून."

"ताई, लाल बोट येतेय त्या बाजूनं. तिला आधी जाऊ देऊ?"

देवमाशांत आई खाली स्वस्थ पडून राहते, पण पिल्लाचा दम टिकत नाही; ते सारखं वर येतं, श्वास घेतं, पुन्हा आईच्या पोटाशी जातं. समुद्रावर पोट भरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. धाकट्यालाही होतं, कारण तेही बापाचंच सांगणं. पिल्लू वर आलं आणि त्यानं बोट पुढे घातली. खाली आई, वर पिल्लू, आणि मधे ही लोखंडाची घरघर. समोरून लाल बोट येऊन उभी राहिली.

पिल्लू गोल फिरलं. मग बोटीकडे आलं आणि कठड्याच्या खाली, अगदी तळाला अंग लावून घासायला लागलं. पाठीवर अजून आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या वळ्या होत्या. सगळे पुढे धावले. "अगं बाई, कित्ती गोड! लाड करून घेतंय!" काकांनी तर हात खाली लोंबकळत सोडला.

"लाड नाहीत ते!" फोटोवाली किंचाळली. "आई शोधतंय! आपल्याला आई समजलंय! बंद कर इंजिन, मेल्या!"

"मंडळी," धाकटा लाउडस्पीकरवरून म्हणाला, "असा योग पुन्हा नाही. ताई, फोटो काढ!"

आणि तिनं काढला. डोळ्यांत पाणी, कान पेटलेले, तोंडात शिवी, आणि बोटानं आपलं काम केलं. सवयीचं बोट कुणाचं ऐकत नाही. एकच फोटो. दुसऱ्या क्षणाला मागे फाटकीच्या शेपटीचा असा तडाखा बसला की सगळी बोट भिजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लू दचकून लाल बोटीच्या पुढ्यातून बाहेरच्या समुद्राकडे सुटलं; फाटकी वर आली ती उलट्या अंगाला. एक मोठा फवारा, एक छोटा, दोघांत अंतर वाढत गेलं. मग दोन्ही बोटींनी त्यांच्या मागे जायला इंजिनं वाढवली आणि त्या आवाजात सगळं हरवलं.

धक्क्यावर उतरल्यावर ती सरळ स्टुडिओकडे चालू लागली. कान बघून कुणी तिच्या वाटेत आलं नाही.

संध्याकाळी फोटो उघडला. पिल्लाचा एक डोळा वर बघणारा, काळाभोर. त्याच्या डोक्यावरून आडवा गेलेला पिवळा कठडा, दुमडलेला बाक, हिरवा दोर, काकांचा लोंबता हात. तिनं सवयीनं कापायची चौकट लावली. कठडा गेला. आता निळ्या पाण्यातून एक पिल्लू प्रेमानं वर बघत होतं, जणू जगात त्याला कुणाची भीतीच नाही. सुंदर फोटो होता. इतका सुंदर की तिला तो बघवेना. तिनं चौकट काढून टाकली, आणि कठडा परत आला.

तेवढ्यात धाकट्याचा फोन. "ताई, तो फोटो मोठा करून दे. नव्या हंगामाची पाटी तीच. कठडा काप फक्त."

"बघते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओ सकाळी बंद. फोटोवाली लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाच्या टोकाला तिपाई लावून, मोठी लेन्स चढवून बसायची. पासपोर्टवाले दारात ताटकळायचे आणि तिच्या नावानं बोटं मोडायचे. ती फाटकीची वाट बघत होती. खरं तर छोट्या फवाऱ्याची. फाटकी आली. त्याच पाण्यात, जिथं ते झालं त्याच्या आसपास. वर यायची, थांबायची, खाली जायची, पुन्हा वर. पिल्लू असतं तर तिच्याआधी दिसलं असतं. नव्हतं. बांधावरून, लांबून, कुणीही मधे नसताना, तिनं शेपटीचा फोटो काढला. स्वच्छ, बापाच्या रीतीनं. आणि मग तिथंच दगडावर बसून ढसाढसा रडली. दुःखानं कमी, संतापानं जास्त. दूध पिणारं पोर समुद्रात एकटं किती तग धरणार? कुणाला पत्ताही नव्हता की काही घडलंय. पाहुणे फोनमधले फोटो दाखवत घरी गेले होते.

घरी तिनं आईला सांगितलं. आई शेंगा सोलत ऐकत राहिली. मग म्हणाली, "वाईट झालं गं. पण आता एका माशापायी सख्ख्या भावाशी वाकडं घेणार आहेस का? त्याचं पोट आहे त्या बोटीवर. तू डोक्यात राख घालून घेऊ नकोस. अगदी बापावर गेलीयस."

"बाप असता तर धाकट्याला समुद्रात ढकललं असतं."

"म्हणून सांगतेय, तू तरी गप्प बस."

सकाळी तिनं शोकेसमधून नवरानवरीचा मोठा फोटो काढला आणि तिथं पिल्लाचा लावला. अख्खा शोकेस भरेल एवढा. कठड्यासकट, दोरासकट, काकांच्या हातासकट. शेजारी छोट्या आकारात बांधावरून काढलेली फाटकीची एकटी शेपूट. खाली कागद: पिल्लू आईला शोधतंय. आई अजून पिल्लाला शोधतेय.

दुपारपर्यंत शोकेससमोर घोळका झाला. तो पिवळा कठडा ओळखायला बंदरावर कुणाला चष्म्याची गरज नव्हती. धाकटा धापा टाकत आला, घोळका हटवून आत शिरला.

"काढ तो आधी."

"नाही."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? आपल्या बोटीचा कठडा आहे तो. सगळं बंदर ओळखतं."

"म्हणूनच लावलाय."

"परवाना जाईल माझा!"

"जाऊ दे."

"आणि तू? तू नव्हतीस बोटीवर? फोटो काय आपोआप निघाला?"

"खाली कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का मारलाय, बघितला नाहीस? माझाही फोटो आहे तो. मी काही तुझ्यावर खापर फोडून नामानिराळी होत नाहीये. मी पण होते. इतकी वर्षं तुझा कठडा मीच कापला, म्हणून तू इतका जवळ गेलास. आता नाही कापणार."

तिचे कान बघून तो दाराकडे वळला. जाताना म्हणाला, "आईला तोंड कसं दाखवशील?"

बंदर निरीक्षक दुसऱ्या दिवशी आले. येणं भागच होतं, बोभाटा ऑफिसपर्यंत गेला होता. काचेसमोर उभे राहून त्यांनी मान डोलावली. "फोटो झकास आहे हो. तेवढा कठडा कापून लावला असता तर कुणाला काही म्हणायला जागा राहिली नसती."

"साहेब," ती म्हणाली, "पुरावा तुम्हीच मागितला होतात ना? मागे, लाल बोटीच्या वेळी?"

"मागितला होता, मागितला होता. पण ह्यात बोटीचं नाव कुठं दिसतंय? पिवळे कठडे काय, कुणीही रंगवेल. हाच तो कठडा, असं ताडून बघावं लागेल." मग ते वळले आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "उद्या येतो बोट बघायला!"

इतक्या मोठ्यानं का सांगितलं, ते तिला सकाळी कळलं. दोरखंडवाल्यानं दुकान उघडता उघडता बातमी दिली: धाकट्यानं कठडा काढला. पहाटे ग्राइंडर लावून बुंध्यापासून कापला आणि नवा स्टीलचा, चकचकीत, बसवला. साहेब दहाच्या सुमाराला येऊन बघून गेले. बोटीवर पिवळ्या रंगाचा कठडा आढळला नाही, एवढं लिहून घेतलं, आणि कप्तानाकडे चहा घेतला.

फोटोवाली स्टुलावर बसून राहिली. ओरडायचंही त्राण नव्हतं. आपण कापला नाही म्हणून त्यानं कापला, आणि आता फोटो खोटा आणि बोट खरी. समोर एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरत होतं. तिनं त्याला नंतर यायला सांगितलं. शोकेसमधला फोटो आता काढावा लागणार, असंच तिच्या मनात होतं.

तेव्हा रस्त्यावरून आवाज आला. डांबरावर लोखंड घासत ओढल्याचा, कर्कश, थांबून थांबून. चाव्या करणारा बाहेर आला. दोरखंडवाला बाहेर आला. उतारावरून वर, दोन्ही हातांनी कठड्याची पुढची वाकडी नळी ओढत, आई येत होती. रोज धाकट्याचा डबा धक्क्यावर पोचवायची, तशी गेली होती. भंगाराच्या ढिगात तिला पिवळा रंग दिसला. कुणीतरी मदतीला पुढे झालं, तर तिनं कोपरानं ढकललं. हिरवा दोर तसाच होता, बाकावर, एक पदरही सुटलेला नव्हता.

आईनं नळी उंबऱ्याच्या आत आणून टाकली आणि स्टुलावर बसली. दम लागला होता. डोक्याचा रुमाल मागे सरकला होता, आणि फोटोवालीनं पाहिलं: आईचे दोन्ही कान लालबुंद होते. आयुष्यभर सगळे म्हणत आले की हा राग बापाचा.

मागोमाग धाकटा आला, टोपी हातात. "आई, काय हे? भर रस्त्यातून? लोक बघतायत."

"बघू देत." आईचा आवाज शांत होता. "हा दोर तुझ्या बापानं का गुंडाळला होता, माहितेय? कुणाच्या हाताला खरचटू नये म्हणून. परक्या माणसाच्या. आणि तू त्याच कठड्याखाली एका आईचं पोर तोडलंस. तरी मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, लेकरू आहे, चुकलं असेल. चुकलेला माणूस खाली मान घालतो रे. तू ग्राइंडर लावलास."

"आई, मी..."

"जा तू. डबा बोटीवर ठेवलाय."

तो गेला नाही. दारातच उभा राहिला, टोपी फिरवत. आईनं त्याच्याकडे पाठ केली, वाकून नळी उचलली आणि मांडीवर आडवी घेतली. बाक पुढे, दोर पुढे, आणि ब्रश मारताना राहिलेला एकमेव ओघळ, तोही पुढे.

"माझा फोटो काढ," ती लेकीला म्हणाली. "ह्याच्यासकट. मग तो आणि काचेतला, दोन्ही घेऊन आपण दोघी जाऊ साहेबाकडे. त्याला ताडून बघायचंय ना? बघ म्हणावं, किती बघायचं ते."

फोटोवालीनं दिवे लावले. कॅमेरा तिपाईवर चढवला. स्टुलाच्या पायाखालचा पुठ्ठा सरकला होता तो नीट केला. पासपोर्टच्या फोटोला हसायचं नाही, हे तिला रोज प्रत्येकाला सांगावं लागायचं. आईला सांगावं लागलं नाही.